मागचं शटर

पॅकिंग शेडचं मागचं शटर मी उघडलं. वाऱ्यानं नाही, फोरमननं नाही, अन्वरनं तर नाहीच. साखळी माझ्या हातात होती. ती मी ओढली आणि शटर वर गेल्यावर भिंतीतल्या हुकाला अडकवलीही मीच. एवढं लिहायला मला सात वर्षं लागली. मधल्या काळात मी गप्प बसलो होतो असं मात्र नाही. ज्या चुकीला मी जबाबदार होतो, तिचा सूड मी दुसऱ्या एका माणसावर उगवत होतो. मनापासून, नेमानं, एखादा माणूस रोज व्यायाम करतो तसा.

ओमानातल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत हल्ली मी एका गोदामाचा स्टोअरकीपर आहे. मार्च लागला की इथली हवा बदलते. सकाळचा गारवा आठ वाजेपर्यंतही टिकत नाही. चार महिने बंद असलेला एसी पहिल्यांदा लावला की धुळीचा जळका वास खोलीभर होतो. दुपारी डोंगरांच्या डोक्यावर पांढरे ढग चढू लागतात. ते फुगतात, खालून काळे पडतात आणि बहुतेक दिवस एक थेंबही न सांडता संध्याकाळी विरून जातात. गोदामातले लोक चहाचे कागदी कप घेऊन ते ढग बघायला बाहेर उभे राहतात. मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो.

गेल्या आठवड्यात यार्डात एक लहानशी वावटळ उठली. माणसाच्या उंचीची, कंबरेत वाकलेली, पोटात दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि सिमेंटच्या गोणीचा फाटका कागद. अशा वावटळी इथं रोज उठतात, कोणी वळूनही बघत नाही. माझ्या हातात मोजणीसाठी घेतलेला एक मोठा नट होता. तो मी नेम धरून तिच्यावर फेकला.

गेटवरचा सिक्युरिटीवाला बघत होता. “गुरवजी, किसको मार रहे हो?”

“पुरानी पहचान है,” मी म्हणालो. तो हसला. मला हसू आलं नाही. वावटळ नट गिळून कुंपणापर्यंत गेली आणि तिथं विरली. मी नट शोधून काढला आणि पुन्हा मुठीत आवळला. वय पन्नाशीच्या पुढे गेलं, तरी मला अजून कोणाला तरी मारायचं होतं.

सोहारच्या आधी मी मस्कतजवळच्या बरक्याला होतो. तिथली आमची शेड समुद्रापासून आत, मळ्यांच्या पट्ट्यात होती. लोखंडी सांगाडा, वर पत्रा. पुढे विजेवर चालणारं मोठं शटर, मागे मळ्याच्या बाजूला साखळीनं ओढायचं लहान. आत एका कडेला पक्क्या भिंतींची आणि काँक्रीटच्या स्लॅबची कोल्डरूम. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची आमच्याकडे यायची आणि धुऊन, निवडून, खोक्यांत भरून मस्कतला जायची. मार्चमध्ये हंगाम उताराला लागलेला असायचा, तरी शेडमध्ये शिरलं की काकडीचा तो हिरवा, पाणीदार वास अंगावर यायचा. मला तो अजून येतो. भाजीच्या दुकानात मी काकडीच्या ढिगाजवळून जात नाही.

मी निवडणीवर देखरेख करायचो. अन्वर फोर्कलिफ्ट चालवायचा. तो राजापूरकडच्या खाडीकाठचा, मी गुहागर तालुक्यातला. आम्ही एका खोलीत राहायचो. त्याच्या हातची चपाती जाड व्हायची म्हणून कणीक माझ्याकडे आणि मासळी त्याच्याकडे, अशी वाटणी होती. बरक्याच्या मासळीबाजारात तो विक्रेत्यांशी ज्या ऐटीत घासाघीस करायचा, ती बघायला मी मुद्दाम बरोबर जायचो. सुरमईचा कल्ला उचलून आत बघायचा आणि म्हणायचा, “भाऊ, ही माझ्याआधी ओमानात आलेली दिसते.” तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता.

आमचा फोरमन कदम. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्याचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. फोरमनची ती जागा माझी होती, निदान मी तसं धरून चाललो होतो. अकरा वर्षं मी त्या शेडमध्ये काढली होती. तो डिप्लोमा घेऊन आला आणि अर्बाबनं, म्हणजे आमच्या मालकानं, दुसऱ्याच वर्षी त्याला माझ्या वर बसवलं. कदम मला ‘काका’ म्हणायचा. आदरानंच म्हणत असावा, पण मला तो शब्द चपराकीसारखा लागायचा. सूड म्हणतात त्याचं बी तिथं पडलं होतं. वादळानं त्याला फक्त पाणी घातलं.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघे मागच्या बाजूला पॅलेटवर बसलो होतो. डोंगराकडचं आभाळ निळसर काळं झालं होतं आणि ढगाच्या पोटाला हिरवट झाक होती. तसला हिरवा मी कोकणातही कधी पाहिला नव्हता. वारा साफ पडला होता. खजुरीच्या झावळ्या चित्रातल्यासारख्या उभ्या होत्या.

“काका, आभाळ बघा कसं झालंय,” कदम म्हणाला. “तुम्हा कोकण्यांना ढग दिसला की घर आठवत असंल.”

“आणि तुम्हा माणवाल्यांना काय आठवतं साहेब? टँकर?” अन्वर म्हणाला.

कदम मनमोकळं हसला. “हस बाबा, हस. आमच्याकडं टँकर आला की पोरं वरातीमागं पळावं तशी मागं पळतात. मीबी पळलोय.”

मीही हसलो होतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. त्या माणसाशी आमचं वैर नव्हतं, एका पॅलेटवर बसून आम्ही जेवलो होतो. त्यानंतर तासाभरात आमच्या पट्ट्यावर तीन भोवरे उतरले आणि किनाऱ्यानं पुढे आणखी दोन. लोक नंतर त्याला टोर्नाडो म्हणू लागले. आमच्याकडे तेव्हा त्याला नावच नव्हतं. ओमानात समुद्रावरून येणारी मोठी वादळं लोकांना ठाऊक होती. त्यांची आधी खबर येते, दुकानं बंद होतात, माणसं पाणी भरून ठेवतात. हे आभाळातून सोंडेसारखं लोंबत आलं, जमिनीला टेकलं आणि चालू लागलं.

आधी गारा पडल्या. पत्र्यावर त्यांचा असा आवाज झाला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. कदम फोनवर कोणाशी तरी बोलत होता. त्यानं फोन खिशात टाकला आणि ओरडला, “पुढचं शटर खाली घ्या. मागचंबी. सगळे कोल्डरूममध्ये जावा, दार लावून घ्या. मी येईपर्यंत साखळीला कोणी हात लावायचा नाही. काका, बघा तुम्ही. यल्ला, चला.” आणि तो बाजूच्या लहान दारातून बाहेर पळाला. पिकअप सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. गाडी गेली. आम्ही दोन्ही शटरं खाली घेतली आणि कोल्डरूममध्ये शिरलो.

सगळ्यांसमोर मला हुकूम देऊन तो स्वतः गाडीत बसून गेला, एवढंच माझ्या डोक्यात भरलं. कुठं गेला, हा प्रश्न मला पडला नाही.

माझे वडील वादळात घराची समोरासमोरची दारं उघडी टाकत. आमचं घर कौलारू होतं. वडील म्हणत, वारा आत आला तर येऊ दे, त्याला बाहेर पडायला वाट ठेवली की तो छपराला हात लावत नाही. पुढचं दार, मागचं दार, मधे ओटीवर आम्ही भावंडं गोधडी पांघरून बसलेलो आणि घरातून वारा नदीसारखा वाहतोय. कौलं दर वादळात शाबूत राहायची. पाच पोरांचा बाप त्या एका गोष्टीवर निर्धास्त असायचा. बरक्याच्या शेडमध्ये पत्रा वर-खाली होऊ लागला, बोल्ट कुरकुरू लागले, तेव्हा मला ती ओटी आठवली. डिप्लोमावाल्या पोराला वारा काय कळतो, असंही मनात आलं. मी कोल्डरूममधून बाहेर आलो आणि मागच्या शटरची साखळी ओढली.

मग पुढचं शटर उघडायला धावलो. बटण दाबलं. काहीच झालं नाही. वीज केव्हाच गेली होती.

म्हणजे मी वाऱ्याला आत घेतलं होतं आणि बाहेर जायला वाट ठेवली नव्हती. पुढचं शटर हातानं वर घ्यायचं एक हँडल होतं, पण त्याच्यापुढे भरलेल्या पॅलेटी रचलेल्या. मी अन्वरला हाक मारली. हे मी कित्येक वर्षं स्वतःलाही सांगत नव्हतो. अन्वर कोल्डरूममध्ये होता, सुखरूप होता, दाराशी सगळ्यात पुढे उभा होता. मी हाक मारली म्हणून तो बाहेर आला. “आलो भाऊ,” म्हणाला आणि फोर्कलिफ्टकडे पळाला.

मागच्या शटरातून जे आत आलं, ते वाऱ्यासारखं नव्हतं. कान बंद झाले. काकड्यांची खोकी जमिनीवरून उठली. छप्पर एका बाजूनं वर गेलं, माणूस झाकण उघडतो तसं, आणि मला आभाळ दिसलं. मग छपराला आधार देणारी लोखंडी कैची खाली आली. कोल्डरूममधल्या नऊ माणसांपैकी एकालाही खरचटलं नाही. मला कपाळावर तीन टाके पडले. फोर्कलिफ्टवर कैची पडली होती.

पाऊस आला तो नंतर, आणि शांतपणे आला. त्या पट्ट्यातले प्लास्टिकचे बोगदे, ज्यांच्यात भाजी पिकायची, सगळे उडून खजुरींना गुंडाळले गेले होते. जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या चिंध्या. शेजारच्या मळ्यातली एक बकरी पंपाच्या खोलीवर उभी होती आणि ओरडत होती. तिला खाली कसं उतरवायचं, यावर दोन माणसं वाद घालत होती. मी फोर्कलिफ्टजवळ बसून होतो. त्यांचा एकूणएक शब्द मला आठवतो.

अर्बाबच्या ऑफिसात आम्हाला बोलावलं गेलं. कदमच्या हाताला पट्टी होती. तो म्हणाला, “साखळी हुकाला अडकवलेली होती. वाऱ्यानं साखळी हुकाला बसत नाही.” अर्बाब म्हातारा होता, हिंदी चांगलं बोलायचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं. “तुमने खोला?”

“नहीं अर्बाब.”

एवढंच बोललो. बोलताना कदमकडेच बघत होतो. तुरुंगाची भीती त्या क्षणी होती, हे खरं. पण भीती अर्धीच होती. उरलेल्या अर्ध्यात एक गरम, गोड असं काहीतरी होतं. हा माणूस खाली येणार, हे मला कळलं होतं. मी पुढे म्हणालो, फोरमन तर गाडी घेऊन निघून गेले होते, त्यांना काय माहीत. माझ्या डोक्याला पट्टी होती आणि मेलेला माणूस माझा जिवलग होता. रडणाऱ्यावर कोण संशय घेणार? महिन्याभरात कदमची फोरमनकी गेली. ती मला मिळाली.

अन्वरला बरक्याबाहेरच्या कबरस्तानात दफन केलं. मीही मूठभर माती टाकली. त्याच्या आईला शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. मी तिला चाची म्हणायचो. फोन मीच केला होता. पलीकडे बायकांचा आवाज होता, त्यातून चाची म्हणाली, “कोणाच्या चुकीनं गेला माझा पोरगा?”

“फोरमनच्या, चाची. तो पळून गेला.”

“त्याला सोडू नकोस. तू त्याचा भाऊ होतास ना? मग त्याला सोडू नकोस.”

“नाही सोडणार,” मी म्हणालो.

असा मी सुडाला लागलो. सुडाची एक मोठी सोय आहे, तो माणसाला सतत कामात ठेवतो. पुढची वर्षं मला कधी रिकामं वाटलं नाही. आठव्या दिवशी रफीक नावाचा एक बांगलादेशी मजूर माझ्या खोलीवर दुखवट्याला आला. बसला, डोळे पुसले आणि सहज बोलून गेला की फोरमनसाहेबांनी त्याला आणि त्याच्या चुलतभावाला भाजीच्या बोगद्यातून अक्षरशः ओढून गाडीत टाकलं आणि पंपाच्या पक्क्या खोलीत नेऊन कोंडलं. बोगदा पाच मिनिटांत उडाला. कदम कुठं गेला होता, हे मला असं कळलं. मी रफीकला चहा दिला. तो गेल्यावर मी कप धुतला आणि ती गोष्ट कोणालाही सांगितली नाही. खरं कळल्यावर सूड थांबायला हवा होता. उलट मला कदमचा जास्तच राग आला. तो निर्दोष असणं, हे मला त्यानं माझ्याविरुद्ध केलेल्या कटासारखं वाटू लागलं.

दर मार्चला मी तो राग नव्यानं पेटवायचो. पहिले ढग चढले की कामगारांच्या कॅम्पमध्ये गोष्ट निघायची आणि कोणी काढली नाही तर मी काढायचो. नवीन आलेल्या माणसाला मी शेड दाखवायचो. इथं कैची पडली, इथून फोरमन पळाला. पिकअपच्या चाकांचे ठसे असल्यासारखा मी जमिनीकडे बोट दाखवायचो. दर वर्षी गोष्टीत एखादी बारीकशी भर पडायची. तिसऱ्या वर्षापर्यंत माझ्या गोष्टीतल्या कदमनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

कदमची बायको मस्कतमधल्या अल् घुब्रातल्या भारतीय शाळेत शिकवायची, म्हणून त्याला ओमान सोडता आला नाही. तो पाण्याचा टँकर चालवायला लागला. ही बातमी मला कळली त्या दिवशी मी खोलीत एकटा हसलो. नंतर ज्याला-त्याला सांगत सुटलो, माणच्या माणसाला अखेर टँकर मिळाला म्हणून. अन्वरची ती थट्टा होती, पॅलेटवर बसून प्रेमानं केलेली. ती मी उचलली आणि तिला धार लावली. मेलेल्या मित्राचे शब्द असे वापरताना मला काहीच वाटलं नाही.

एका पाडव्याला अल् घुब्रात मराठी मंडळी जमली होती. एका इमारतीचा तळमजला, खुर्च्या, श्रीखंड, गच्चीवर बांधलेली गुढी, नऊवारीतल्या लहान मुली आपसात इंग्रजी बोलणाऱ्या. कदमची बायको पुऱ्यांच्या टेबलाशी उभी होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि मुद्दाम, तिला ऐकू जाईल असं म्हणालो, “काही लोकांना सण बरे आठवतात. माणसं मरताना मात्र गाडीची किल्ली आठवते.” तिनं हातातली पुरी परत ताटात ठेवली. तिच्या मागे तिची मुलगी होती, तन्वी, अकरा-बारा वर्षांची, हातात पाण्याचे ग्लास घेतलेली. तिला अर्थ कळला नसणार, असं मी धरून चाललो. पुढच्या वर्षापासून त्या दोघी पाडव्याला आल्या नाहीत. मी ते लक्षात ठेवलं. विजयासारखं.

शेवटचा घाव सोहारमध्ये. मी इथल्या गोदामात आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी यार्ड सुपरवायझरची जागा निघाली आणि अर्जांमध्ये कदमचं नाव होतं. मॅनेजरनं मला विचारलं, “आपके गाँव की तरफ का है, जानते हो?” मी थोडा वेळ घेतला. विचार करणाऱ्या माणसासारखा चेहरा केला. म्हणालो, “आदमी अच्छा है सर. बस, टाइम पे अपनी जगह पे नहीं रहता.” अर्ज बाजूला गेला. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो.

हे सगळं लिहिताना अजूनही त्या गोडीची चव जिभेवर येते, हे खोटं सांगत नाही. पश्चात्तापानं ती जात नाही. कदमची नोकरी घेतली, त्याच्या बायकोला मंडळींतून उठवलं, तरी प्रत्येक मार्चला डोंगरावर ढग चढायचे आणि मला वाटायचं, अजून पुरं झालं नाही. हिशेबाचा माणूस कुठं तरी मोकळा फिरतोय. तो दाढी करताना आरशात दिसायचा, कपाळावर तीन टाक्यांची खूण असलेला. मी नजर फिरवून गाल पुसायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या रजेत मी चाचीकडे गेलो. खाडीच्या काठाला त्यांचं चिऱ्याचं घर आहे. ती पडवीत सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होती. मी बसल्या बसल्या तिनं विचारलं, “त्या फोरमनचं काय झालं रे?”

मी सगळं सांगितलं. रंगवून सांगितलं. नोकरी गेली, टँकर चालवतो, दुसरीकडे लागत होता तिथंही मी लागू दिलं नाही. चाचीनं शाबासकी द्यावी म्हणूनच मी ते जपून आणलं होतं. ती खडे निवडत राहिली.

“लेकरं हायत त्याला?”

“एक मुलगी आहे.”

“केवढी?”

“असेल पंधराची.”

तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. “बस कर मग आता. मी तेव्हा काय बोलले, ते पोरगा गेला त्या दिवशी बोलले. तू अजून तेच घेऊन फिरतोस होय?”

माझ्या हातातून कोणी तरी काठी काढून घ्यावी तसं झालं. इतकी वर्षं मी तिच्या नावानं मारत होतो. तिनं शब्द परत घेतला आणि मारणारा उघडा पडला. मला रडू आलं नाही. मी तिच्यासमोर बसलो आणि शटर, साखळी, हुक, वीज गेलेली आणि माझी हाक, सगळं सांगितलं. कोल्डरूमच्या दाराशी अन्वर उभा होता आणि मी बोलावलं म्हणून बाहेर आला, हे सांगताना माझा आवाज असा होता की आतून तिची सून बाहेर येऊन उभी राहिली.

चाचीनं सूप उचलून सुनेच्या हातात दिलं. मला वाटलं, आता ही मला हाकलेल. हाकललं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मला सांगितलंस. त्या पोरीला कोण सांगणार?”

आणखी काही नाही. मला पाणीही विचारलं नाही. मी उठून आलो.

तरीही मी लगेच गेलो नाही. दीड वर्ष काढलं. आधी अर्बाबकडे गेलो. त्याला आता नीट दिसत नाही, त्याच्या मुलानं मी लिहून नेलेला कबुलीचा कागद वाचून दाखवला. म्हातारा एवढंच म्हणाला, “सात साल बाद?” आणि कागद मुलाकडे दिला, कदमला एक प्रत पाठव म्हणून. सोहारच्या मॅनेजरलाही सांगितलं. तिथं मला वाटलं होतं, नोकरी जाईल. गेली नाही. जायला हवी होती, असं दोन दिवस वाटत राहिलं.

मग अल् घुब्राला गेलो. शुक्रवार होता, दुपारी चारची वेळ. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दाराबाहेर बुटांची मांडणी. दार तन्वीनं उघडलं. आता ती कदमएवढी उंच. “बाबा, कोणीतरी अंकल आलेत.”

कदम बनियनवर बाहेर आला. केस पांढरे झाले होते. मला बघून थांबला. “कागद मिळाला,” म्हणाला. बस म्हणाला नाही. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी हात जोडले तसा तो म्हणाला, “ते राहू दे. सात वर्षं मी रोज ठरवलं होतं, तू दिसलास की काय करायचं. तुला ठाऊक असंल ते कसं असतं. आज काही करत नाही. पण मला नको सांगू, मला माहीतच होतं. तिला सांग. चौथीत होती ही, तेव्हा बसमधली पोरं हिला म्हणायची...”

“युअर डॅड रॅन अवे,” तन्वी म्हणाली. साध्या आवाजात, पाठ केलेलं म्हणावं तसं.

सोहारहून येताना दोन तास मी मनात बोलणं जुळवत आलो होतो. अपराध, प्रायश्चित्त, पापाची टोचणी, असे मोठे शब्द होते त्यात. मी सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला तिनं मला थांबवलं.

“अंकल, थोडं स्लो बोला ना. मला मराठी सगळं नाही कळत.”

माझ्याजवळचं सगळं तिथंच संपलं. मोठे शब्द तिच्या उपयोगाचे नव्हते आणि ते सोडले तर माझ्या हातात फारच थोडं उरत होतं. कदम भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे माझ्यावर नव्हते, मुलीवर होते.

“तन्वी,” मी म्हणालो, “तुझे बाबा पळाले नाहीत. ते दोन माणसांना वाचवायला गेले. ती दोन माणसं जिवंत आहेत. बाबा म्हणाले होते, शटर उघडू नका. मी उघडलं. माझा मित्र मेला. ते माझ्यामुळे झालं. मी खोटं बोललो. बाबांचं नाव सांगितलं. मला माहीत होतं ते खोटं आहे, तरी सांगत राहिलो. पाडव्याला तुझ्या आईला बोललो, तेही खोटं होतं. बसमधल्या मुलांनी जे म्हटलं, ते माझ्याकडून आलं होतं.”

ती ऐकत होती. मधे एकदा तिनं ओठ हलवले, वाक्य आपल्या भाषेत करून बघत असावी.

“व्हाय?” तिनं विचारलं. मग मलाच सोपं जावं म्हणून मराठीत म्हणाली, “का केलं?”

“मला शिक्षा नको होती. आणि मला तुझ्या बाबांचा राग होता. त्यांनी काही केलं नव्हतं.”

ती वडिलांकडे वळली. कदमनं मान खाली घातली होती. माझ्याकडे परत बघत ती म्हणाली, “मग बाबांना सॉरी बोला. मला कळेल असं बोला.”

मी त्याच्यासमोर गेलो. इतक्या वर्षांत कधी तोंडातून आलं नव्हतं, ते आलं. “कदमसाहेब, तुम्ही बरोबर होतात. मी चुकलो, आणि तुम्हाला त्रास दिला. मला माफ करा.”

तिला कळावं म्हणून, तेच मी पुन्हा एकदा सावकाश म्हणालो.